विंडोज ९८ चा करडा डेस्कटॉप आजच्या मशीनवर: व्हर्च्युअलबॉक्स की नुसती थीम?

फ्लॉपीवाला
उठावदार बटणं, निळी शीर्षकपट्टी, चौकोनी खिडक्या, सगळं तसंच हवंय. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (मशीनच्या आत दुसरं आभासी मशीन चालवणारा प्रोग्राम) ९८ एसई, म्हणजे ९८ ची दुसरी आवृत्ती, टाकली तर पडदा ६४०×४८० आणि १६ रंगांवर अडकतो. रॅम १ जीबी केली की ‘मेमरी अपुरी’ म्हणते! की लिनक्सवर थीम चढवून भागेल?

व्हीएक्सडी
रॅम २५६ एमबी करा, भरपूर झाली. व्हीकॅश हा ९८ चा डिस्क-कॅश रॅमच्या प्रमाणात मेमरीचे पत्ते अडवून ठेवतो. ५१२ एमबीच्या वर गेलात की बाकीच्यांना पत्ते उरत नाहीत, म्हणून तो उलटा वाटणारा संदेश. प्रोसेसर एकच द्या, दुसरा ९८ ला वापरताच येत नाही.

रंगांचं कारण वेगळं. व्हर्च्युअलबॉक्सच्या गेस्ट अ‍ॅडिशन्स, म्हणजे आतल्या सिस्टिमसाठीचे त्याचे ड्रायव्हर, ९८ साठी नाहीतच. व्हीबीईएमपी नावाचा ड्रायव्हर मिळतो, त्याची आयएसओ (सीडीची प्रतिमा-फाइल) करून सीडी म्हणून जोडा आणि डिस्प्लेच्या प्रॉपर्टीजमधून अ‍ॅडाप्टर बदला. १०२४×७६८ आणि ३२ बिट रंग मिळतात. थ्रीडी मात्र नाही. माउसही खिडकीत अडकतो, सोडवायला उजवं कंट्रोल.

पुन्हा टाकणार असाल तर डिस्कचे भाग पाडणाऱ्या एफडिस्कच्या पहिल्याच प्रश्नाला ‘वाय’ म्हणा, नाहीतर फॅट१६ ही जुनी फाइल-मांडणी आणि प्रत्येक भागाला २ जीबीची हद्द. फॉरमॅट झाल्यावर सीडीवरचं विन९८ फोल्डर सी ड्राइव्हवर उतरवा आणि सेटअप तिथूनच चालवा. एरवी प्रत्येक ड्रायव्हरला सीडी मागत बसते.

करडीखिडकी
मशीन नवं असेल तर एवढ्याने भागणार नाही. एएमडीच्या झेन २ आणि त्यापुढच्या रचनेच्या रायझन प्रोसेसरवर, तसंच इंटेलच्या ११व्या पिढीपासून, सेटअपनंतर ‘प्रोटेक्शन एरर’ येते किंवा एक्सप्लोरर कोसळतो. मेमरीचे तक्ते बदलल्यावर प्रोसेसरचा टीएलबी, म्हणजे त्या तक्त्यांतल्या नोंदी लक्षात ठेवणारा कॅश, साफ करायला ९८ चुकते. जुन्या प्रोसेसरवर ते खपून जायचं. ही चूक दुरुस्त करणाऱ्या पॅचर९एक्सच्या फ्लॉपी इमेजवरून बूट करून सिस्टिम फोल्डर पॅच करा. सेटअपच्या फायली कॉपी होऊन पहिलं रीस्टार्ट होतं, तीच वेळ.

जुने खेळ हवे असतील तर माझं मत ८६बॉक्सला. हा एम्युलेटर अख्खं जुनं हार्डवेअर साकारतो: पेंटियम एमएमएक्स २३३ प्रोसेसर, एस३ व्हर्ज ग्राफिक्स कार्ड, साउंड ब्लास्टर १६ साउंड कार्ड. रॉमच्या (जुन्या बोर्डांच्या चिपमधल्या प्रोग्रामांच्या) फायली वेगळ्या उतरवाव्या लागतात. शीर्षकपट्टीतला वेगाचा टक्का १०० च्या खाली घसरला की आवाज तुटतो. मग प्रोसेसर १६६ किंवा १३३ मेगाहर्ट्झवर आणा.

पिक्सेलमोजणी
नुसतं रूप हवं असेल तर एवढा खटाटोप कशाला? लिनक्सच्या एक्सएफसीई डेस्कटॉपवर शिकागो९५ थीम चढवा, तासाभराचं काम. ज्या प्रोग्रामांच्या शीर्षकपट्टीतच बटणं असतात ते तेवढे विजोड दिसतात.

पण बहुतेक थीम ९८ म्हणून विंडोज २००० चे रंग देतात. लाल, हिरवा, निळा या क्रमाने ९८ चा करडा १९२,१९२,१९२. २००० चा २१२,२०८,२००, किंचित पिवळसर. ९८ ची शीर्षकपट्टी ०,०,१२८ वरून १६,१३२,२०८ कडे जाते, ९५ ची सपाट ०,०,१२८. अक्षरं ९८ मध्ये एमएस सान्स सेरिफ ८ पॉइंट, २००० मध्ये टाहोमा.

बटणाची कड दुपदरी. बाहेर वर-डावीकडे पांढरी रेघ, खाली-उजवीकडे काळी. आत वर-डावीकडे २२३ चा फिका करडा, खाली-उजवीकडे १२८ चा गडद. दाबलं की उजेड-सावली उलटते आणि अक्षरं एक पिक्सेल खाली आणि उजवीकडे सरकतात. हा एक पिक्सेल राहिला की बटण मेल्यासारखं वाटतं.

पडदा पूर्ण पटीतच वाढवा. १२५ टक्के केलंत तर एक पिक्सेलची रेघ धुरकटलीच. १९२०×१०८० वर ६४०×४८० दुप्पट बसतो. ८००×६०० नाही, उंची १२०० होते.

फ्लॉपीवाला
२५६ एमबी आणि व्हीबीईएमपीने काम झालं. आता हे रोज बंद करावं लागेल की तसंच चालू ठेवलं तरी चालेल?

व्हीएक्सडी
४९.७ दिवस ठेवा. मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा आकडा तेव्हा भरून शून्यावर येतो आणि पॅच नसेल तर ९८ गोठते. तिथवर पोचलात तर कळवा.