३१ मार्चला निधी का बुडावा?

तापीकाठ (चोपडा)
केंद्राच्या योजनेतला आमच्या गावचा रस्ता गेल्या वर्षी २९ मार्चच्या रात्री, ट्रॅक्टरच्या उजेडात डांबरला गेला. रोलर पुरता फिरण्याआधीच मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मापे नोंदवायची वही, जिच्यावरून बिल निघते) भरून बिल लागले आणि पहिल्याच पावसात कडेची खडी उघडी पडली. अभियंत्याला दोष देऊन मी मोकळा होणार नाही. ३१ मार्चपर्यंत न खर्चलेली रक्कम बुडते, हे त्याला ठाऊक होते. खान्देशात मातीकाम दिवाळीनंतर सुरू होऊन मृगापर्यंत चालते, आणि आर्थिक वर्ष नेमके या हंगामाच्या मधोमध तुटते. आर्थिक वर्ष बदलावे का हे पाहण्यासाठी १९८४ मध्ये नेमलेल्या एल. के. झा समितीने पावसाचा विचार करूनच जानेवारी ते डिसेंबर असे वर्ष सुचवले होते. सरकारने ते स्वीकारले नाही. मग निदान चालू बांधकामांची शिल्लक तरी पुढच्या वर्षी आपोआप वापरू द्यावी.

निवृत्त लेखाधिकारी (धुळे)
भाऊ, दुखणे खरे आहे, पण औषध चुकते आहे. संचित निधीतून, म्हणजे केंद्राच्या मुख्य तिजोरीतून, पैसा काढण्यासाठी राज्यघटनेच्या कलम ११४ नुसार संसदेला विनियोजन कायदा, म्हणजे खर्चाला मंजुरी देणारा कायदा, करावा लागतो, आणि ही मंजुरी एका वर्षापुरती असते म्हणूनच प्रत्येक खात्याला दरवर्षी संसदेपुढे उभे राहावे लागते. ती अट सैल केली, तर रकमा वर्षानुवर्षे खात्यांत पडून राहतील आणि इकडे केंद्र व्याजाने कर्ज काढत राहील. हेच टाळण्यासाठी २०२१ मध्ये केंद्रपुरस्कृत योजनांना (केंद्र आणि राज्य मिळून पैसा देतात त्या) प्रत्येक राज्यात योजनेगणिक एकच खाते ठेवण्याची पद्धत आली. शेवटच्या तिमाहीत ३३ टक्क्यांपेक्षा आणि एकट्या मार्चमध्ये १५ टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करू नये, असे बंधनही मंत्रालयांवर आहे. शिवाय २०१७ पासून अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला मांडला जातो, म्हणजे एप्रिलपासून पूर्ण वर्ष हाती असते.

तापीकाठ (चोपडा)
अण्णा, ते बंधन दिल्लीतल्या खर्चाचे आहे. दिल्लीने डिसेंबरात सोडलेला हप्ता राज्याच्या हिश्शासह तालुक्याला पोहोचेपर्यंत फेब्रुवारी उजाडतो. कागदावर मर्यादा पाळली जाते आणि घाई मात्र आमच्या रस्त्यावर होते. तरी आपला आक्षेप मानून म्हणतो, की कार्यारंभ आदेश निघालेल्या आणि प्रत्यक्ष सुरू असलेल्या कामांचीच शिल्लक, एकाच वर्षापुरती पुढे न्यावी आणि त्या कामांची यादी संसदेपुढे ठेवावी.

निवृत्त लेखाधिकारी (धुळे)
यादी संसदेपुढे येणार असेल, तर माझा अर्धा विरोध मावळला. पण काम "प्रत्यक्ष सुरू" असल्याचा दाखला तीच मोजमाप पुस्तिका देणार असेल, तर उरलेला अर्धा मी मागे घेणार नाही.