जुनी क्रोमोली एमटीबी (माउंटन बाईक) उभी करायची की गपचूप नवी घ्यायची? नाशिकच्या रस्त्यांचं बोला

रामशेज_रोड
देवळाली कॅम्पातल्या एका निवृत्त साहेबांकडे ट्रेक ८३० आहे, नव्वदीच्या सुरुवातीची. क्रोमोली म्हणजे मिश्र स्टीलची फ्रेम, पुढे साधा फोर्क, कॅन्टिलिव्हर ब्रेक (मधल्या तारेने ओढला जाणारा जुना रिम ब्रेक), मागे सात स्पीड. साहेब ९,००० म्हणतायत. टायर वाळून चिरलेत, गिअरचा खटका मागेपुढे होत नाही, पण फ्रेमला कुठे मार दिसत नाही. मित्रांचं एकच पालुपद: एवढी डोकेफोड कशाला, २५,००० टाक आणि नवी डिस्क ब्रेकवाली घे.

मला हे पटत नाही. त्या भावातल्या नव्या सायकलीचा सस्पेन्शन फोर्क म्हणजे आत नुसती स्प्रिंग. डॅम्पिंग, म्हणजे उसळी जिरवणं, नावालाही नाही, आणि अडीच किलोच्या आसपासचं ओझं पुढे टांगलेलं. मागे बहुतेक तीच आट्याची फ्रीव्हील (मागच्या दात्यांच्या चकत्यांचा गठ्ठा), जी तीस वर्षांपूर्वीही मिळत होती. मग पैसे मोजायचे कशाचे? मला गंगापूर धरणाकडे, दिंडोरीच्या द्राक्षबागांमधल्या शिवाररस्त्यांनी, कधी अंजनेरीच्या पायथ्यापर्यंत फिरायचंय. कड्यावरून उड्या मारायच्या नाहीत. त्याला धड स्टीलची फ्रेम, जाड टायर आणि वेळेवर लागणारा ब्रेक पुरे. खोडून काढायचं तर काढा, पण कारणं देऊन.

लेथवाला_सातपूर
देतो कारणं. लोकांना वाटतं सातपूरला लेथ आहेत म्हणजे काहीही बनतं. बुश बनवून देईन, सीटपोस्टची शिम (सैल जागा भरणारी पातळ नळी) देईन, एखादा स्पेसर चहाच्या पैशात देईन. पण खटक्याच्या आतली रॅचेट, फ्रीहबमधले पॉल (दात अडवणारी बारकी जीभ), हे हार्डन केलेले बारके पार्ट एक नग कोणी बनवून देत नाही, आणि दिलाच तर त्या पैशात नवीन हब येईल. आता तुझा हिशोब धर. दोन टायर-ट्यूब, चेन, फ्रीव्हील, सगळ्या केबली, ब्रेक पॅड, बीबी (पेडलच्या दांड्यांमधला आस आणि त्याचे कप), जमलं तर सॅडल. नऊची सायकल विशीच्या पुढे जाते. आणि उद्या विकायला काढलीस की समोरचा पुन्हा नऊच म्हणणार.

क्रोमोली_काका
लेथवाले, पार्टचा हिशोब बरोबर, पण खटका मेला हे कुणी ठरवलं? त्या काळातल्या शिमानोच्या खटक्यांमध्ये बहुतेक वेळा काही तुटलेलं नसतं. कारखान्यात भरलेलं ग्रीस वाळून डिंकासारखं होतं आणि पॉल त्यात चिकटून बसतो. केबल काढा, डब्ल्यूडी-४० चा फवारा मारून मुरू द्या, खटका दाबत राहा. आधी काहीच होत नाही, मग एक मरगळलेला टक् येतो. पुन्हा फवारा, पुन्हा दाबा. सगळे टक् परत आले की पातळ तेलाचे दोन थेंब. खर्च जवळपास शून्य.

रामशेज, तू बघायला जाशील तेव्हा रंगाकडे बघूच नकोस. हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या उभ्या पाइपाच्या) लगेच मागे, वरच्या आणि खालच्या पाइपाच्या पोटाखालून अंगठा फिरव. रंगाला आडवी सुरकुती किंवा पाइपाला फुगवटा लागला तर समोरून धडक खाल्लेली आहे, तिथूनच नमस्कार करून नीघ. मग सीटपोस्टचा बोल्ट ढिला करून ती फिरवून बघ. ॲल्युमिनियमची पोस्ट स्टीलच्या पाइपात वर्षानुवर्षं ग्रीसशिवाय बसली की गंज धरून अशी रुतते की सुटताना जीव काढते. निघाली, तर सायकल उलटी करून त्या भोकातून काय पडतं ते बघ. भुरी लाल पूड थोडी चालेल. खपल्या पडल्या तर बीबीच्या तळाशी पाणी साचत होतं असं समज.

अंजनेरी_सकाळ
माझा विरोध पैशाचा नाही, ब्रेकचा आहे. जुलैत त्र्यंबक रस्ता सोडून आत वळा आणि मग सांगा. रिम ब्रेकचा पॅड चिखल आणि बारीक खडी घेऊन रिमवर घासतो, आधी ब्रेक लागत नाही आणि मग रिम झिजते. काळ्या मातीचा लगदा कॅन्टिलिव्हरच्या मधे अडकला की चाक फिरणंच बंद, सायकल खांद्यावर. डिस्क ब्रेक आले ते जाहिरातीसाठी नाही आले. मी घसरून कोपर सोललेलं आहे, त्यामुळे माझ्याकडे तटस्थपणाची अपेक्षा ठेवू नका.

रामशेज_रोड
ताई, पटलं, म्हणून व्ही-ब्रेक (लांब भुजांचा, जास्त जोराचा रिम ब्रेक) लावणार आहे. बॉस, म्हणजे फ्रेमवरचे ब्रेकचे खुंट, तेच असतात, थेट बसतात.

अंजनेरी_सकाळ
बॉसवर बसतात, पण लिव्हर? कॅन्टिलिव्हरचा जुना लिव्हर केबल कमी ओढतो, व्ही-ब्रेकला जास्त ओढ लागते. जुनाच लिव्हर ठेवलात तर पॅड रिमला चिकटवून ठेवावे लागतात, आणि चाक जरा वाकडं झालं किंवा पॅड झिजले की लिव्हर थेट हँडलला टेकतो. उतारावर कळतं. शिमानोने १९९६ मध्ये व्ही-ब्रेक आणले तेव्हा लिव्हरही वेगळे दिले ते उगीच नाही. आणि तुमच्या सायकलीत खटका आणि ब्रेक लिव्हर एकाच तुकड्यात असतील तर लिव्हर बदलला की खटकाही गेला. मग काकांचे ते दोन थेंब वाया.

क्रोमोली_काका
हा मुद्दा मान्य. एकाच तुकड्यात असेल तर कॅन्टिलिव्हरच ठेवा, पॅड नवे मऊ टाका, मधली आडवी तार जरा खाली घ्या. चांगला जुळवलेला कॅन्टिलिव्हर वाईट नसतो. वाईट जुळवलेला मात्र सगळ्यांनी बघितलेला असतो.

रेंजरवाला
कमाल आहे राव. नाशिकच्या पोरांनी नव्वदीत हिरो रेंजरवर पांडवलेणीचा पायथा, सोमेश्वर, पार त्र्यंबक गाठलं, आणि इथे 'विंटेज' म्हटलं की अमेरिकेच्या पुढे बोलायचं नाही. भद्रकालीत अजून रेंजर मिळेल, दोन-तीन हजारात. तिचा प्रत्येक नट नाक्यावर मिळतो. ती उभी करा की.

क्रोमोली_काका
रेंजर जपाच, माझ्या घरीही आहे. पण ती साध्या स्टीलची, पाइप जाड, वजन जड. क्रोमोलीत क्रोम आणि मॉलिब्डेनममुळे ताकद वाढते, म्हणून पाइपाची भिंत पातळ ठेवता येते, फ्रेम हलकी होते आणि खडीवर जरा झेलते. रेंजर ही माउंटन बाईकच्या रूपातली रोजची सायकल होती. तिला कमी लेखत नाही, काम वेगळं एवढंच.

रेंजरवाला
म्हणजे कमीच लेखलं.

पेठ_नाका_पेडल
रेंजरवाल्याच्या बाजूने जरा इतिहास. माउंटन बाईक जन्मलीच भंगारातून. कॅलिफोर्नियाच्या मरिन काउंटीत सत्तरच्या दशकात तिथल्या सायकलवेड्या टोळक्याने १९३०-४० च्या श्विन कंपनीच्या जाड टायरवाल्या जुन्या सायकली उचलल्या आणि डोंगरावरून सोडल्या. १९७६ पासून शर्यती लागल्या. उतारावर कोस्टर ब्रेकचं (पेडल उलटं दाबून लागणाऱ्या ब्रेकचं) हब इतकं तापायचं की ग्रीस जळून जायचं आणि दर खेपेला नव्याने भरावं लागायचं, म्हणून शर्यतीचं नाव रिपॅक. कुणाला 'मूळ रंग', 'मूळ पार्ट' यांची पडली नव्हती. जे मिळेल ते जोडलं. तेव्हा रामशेज, साहेबांची सायकल घे आणि बिनधास्त बदल. अंबडला पावडर कोटिंग कर, मॅट काळी, झकास दिसेल.

लेथवाला_सातपूर
गोष्ट अर्धी सांगितलीस. त्या जुन्या फ्रेम वाकायच्या, मोडायच्या, म्हणूनच तर त्याच टोळक्यातल्या जो ब्रीझने १९७७ मध्ये या कामासाठी नवीन फ्रेम बनवली. १९८१ ला स्पेशलाइज्डने स्टंपजंपर ही माउंटन बाईक जपानमध्ये बनवून बाजारात आणली, पुढच्या वर्षी शिमानोने डिओर एक्सटी हा माउंटन बाईकच्या पार्टचा संच काढला. जुनं वापरून थकले तेच नव्याकडे गेले. तुझा इतिहास माझ्या बाजूचा निघाला.

आणि पावडर कोटिंगचं नाव काढलंस म्हणून: आमच्याकडे रॅक आणि ग्रिल कोट करणारा माणूस फ्रेमही तशीच हाताळतो. आधी खडबडीत ग्रिटने ब्लास्टिंग, पातळ पाइपाला तेच नको असतं. मग बीबीचे आटे झाकायचे राहतात, १८०-२०० अंशाच्या भट्टीतून पावडर आट्यांमध्ये पक्की होऊन येते, आणि १.३७ इंच व्यासाचा, इंचाला २४ आट्यांचा टॅप (आटे कापायचं हत्यार) नाशिकमध्ये शोधत बस. शिवाय जाड थराखाली बारीक तडा लपतो तो वेगळाच. रंग राहू दे. गंजलेल्या जागी ऑक्झॅलिक ॲसिड पाण्यात पातळ करून लाव, हातमोजे घालून, नंतर सोड्याच्या पाण्याने धू. रंगाला सहसा धक्का लागत नाही, तरी आधी बीबीखाली कोपऱ्यात लावून बघ.

पेठ_नाका_पेडल
तू सायकलच्या विरोधात आहेस की बाजूने ते एकदा ठरव.

लेथवाला_सातपूर
व्यवहाराच्या विरोधात आहे. सायकलने माझं काय वाकडं केलंय?

द्राक्षबागवाला
टायरबद्दल कुणी बोललं नाही. मेन रोडला '२६ चा टायर द्या' म्हणालात तर समोर २६ × १ ३/८ सुद्धा येईल. तोही २६, पण त्याचं बीड (रिमवर बसणारी कड) ५९० मिमी, एमटीबीच्या रिमचं ५५९. ढिला पडेल, रिमवर धड बसणारच नाही. टायरच्या कडेवर बारीक अक्षरात '५०-५५९' असं काहीतरी लिहिलेलं असतं, शेवटचा आकडा ५५९ बघा आणि मगच पैसे द्या. बाकी ५५९ चे टायर आपल्याकडे मुबलक आहेत, कारण देशी एमटीबी अजून त्यावरच चालतात. इथे मी रामशेजच्या बाजूने. भारी नव्या सायकली २७.५ आणि २९ वर गेल्या, पण पिंपळगावात पंक्चर झाल्यावर २९ ची ट्यूब मागून बघा.

अंजनेरी_सकाळ
ट्यूब सोबत न्यायची असते हो. आणि २९ चं चाक खडीवरून सहज जातं तसं २६ जात नाही, खड्ड्यात बसतं. ८३० वर वाटेल तेव्हा सस्पेन्शन टाकता येईल असंही कुणी समजू नका. जुनी स्टिअरर (फोर्कची वरची नळी) आट्यांची, आजच्या बऱ्याच चांगल्या फोर्कची टेपर्ड (खाली जाड होत जाणारी) किंवा बिनआट्याची. बसवलाच १०० मिमी दबणारा, तर पुढचं तोंड वर येऊन सगळी भूमिती बिघडते. आहे तशीच चालवायची असेल तर घ्या.

रामशेज_रोड
आहे तशीच चालवायची आहे. काल जाऊन आलो. अंगठा फिरवला, सुरकुती नाही. खटका आणि ब्रेक लिव्हर वेगवेगळे आहेत, म्हणजे ताई, व्ही-ब्रेक त्यांच्या लिव्हरसकट येणार. सीटपोस्ट मात्र हलली नाही. साहेब म्हणाले, जोर लावू नकोस, मोडेल.

क्रोमोली_काका
साहेबांनी तिथेच भाव उतरवला. आता सहाच्या वर जाऊ नको. घरी आणलीस की पोस्टच्या कडेने पेनिट्रेटिंग तेल सोड, दोन-चार दिवस रोज. बीबी काढून सायकल उलटी टांगलीस तर आतल्या बाजूनेही सोडता येईल. बीबी काढताना उजवा कप उलट्या आट्याचा असतो हे मेकॅनिकला आधी सांग, नाहीतर तो हातोडा घेईल.

रेंजरवाला
सहा हजारात तीन रेंजर.

लेथवाला_सातपूर
मत तेच आहे, व्यवहार घाट्याचा. तरी पोस्ट नाहीच निघाली तर फ्रेम घेऊन ये, कापून आतून खरवडून काढू. नवी पोस्ट घेण्याआधी जुनीवरचं माप वाच. २६.८ आणि २७.२ मध्ये डोळ्याला फरक दिसत नाही, क्लॅम्पला दिसतो. आणि येताना दुपारी ये, सकाळी मशीन मोकळं नसतं.