प्रतिसादी वास्तू आधी आभासी विश्वात तपासावी का?

गोदाकाठ:
माणसाच्या हालचालींनुसार दिवे, आवाज किंवा भिंती बदलणारी वास्तू बांधण्यापूर्वी तिची परीक्षा आभासी विश्वात, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून दिसणाऱ्या संगणकातल्या जगात घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. 2002 साली स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय प्रदर्शनात ‘एडा’ नावाचे दालन उभारले होते. तिथली फरशी पावलांचा दाब ओळखून उजळत असे आणि 5 लाखांहून अधिक लोक त्या दालनातून गेले. एवढा खटाटोप आपल्या एखाद्या महाविद्यालयाला परवडणार नाही. संगणकातल्या घाटावर मात्र पायरीची उंची, दिव्याचा रंग, तो लागायला होणारा उशीर, यांतली एकेक गोष्ट बदलून माणूस कुठे थबकला आणि कुठे वळला हे नोंदवता येते. नाशिकच्या 2027 च्या सिंहस्थात गोदावरीतल्या रामकुंडाच्या वाटेवर गर्दीनुसार रंग बदलणारे दिवे लावावेत असे कोणाला वाटलेच, तर त्यांची पहिली चाचणी भाविकांवर का व्हावी? 27 ऑगस्ट 2003 च्या चेंगराचेंगरीत या शहरात 39 जीव गेले आहेत.

पंचवटीकर:
तो दिवस तुमच्या मताच्या विरोधातच जातो. कोणत्या बाजूला वळायचे हे अशा गर्दीत कोणी ठरवत नाही, मागचा रेटा ठरवतो, आणि तो रेटा डोळ्यांवर चढवलेल्या हेडसेटमध्ये येत नाही. पहाटे स्नानाला उतरणारी आजी एका हाताने ओल्या लुगड्याचा ओचा सावरते, दुसऱ्या हातात तांब्या धरते आणि पुढच्या पायरीवर शेवाळ आहे का हे आधी अंगठ्याने चाचपते. त्या अंगठ्याचे तुम्ही काय करणार? शिवाय हेडसेटमधून पाहताना अंतरे प्रत्यक्षापेक्षा कमी वाटतात, हे अनेक प्रयोगांत दिसले आहे. पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर चढले यावरून आपण पूर ओळखतो, तो पिढ्यान्पिढ्यांच्या सवयीने. दहा मिनिटांच्या प्रयोगात नव्या दिव्यावर तसा भरवसा बसतो की नाही, हे कळणार नाही.

गोदाकाठ:
रेट्याचा मुद्दा मान्य आहे. अंगठ्याचा मात्र नाही. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात लोकांना आभासी खड्ड्याच्या काठावर उभे केले होते. आपण सपाट जमिनीवर आहोत हे ठाऊक असूनही त्यांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि पायाखाली जेमतेम दीड इंच उंचीची खरी फळी ठेवताच ते आणखी वाढले. म्हणजे प्रयोगशाळेत एक खरी, ओली, दगडी पायरी ठेवली तर अंगठ्यालाही उत्तर मिळेल.

वास्तू_शिकवते:
माझी शंका वेगळी आहे. पॅरिसच्या अरब जगत संस्थेच्या इमारतीला 1987 साली उन्हानुसार उघडमीट करणाऱ्या धातूच्या झडपा बसवल्या होत्या. पुढे त्यांतल्या बऱ्याच अडकून बसल्या. संगणकातली झडप कधीच अडकत नाही. अर्धे दिवे बंद पडल्यावर लोक उरलेल्या दिव्यांचे ऐकतात का, हा प्रश्न आभासी घाटावर मुद्दाम विचारता येईल, पण तो विचारायचे कोणाला सुचत नाही. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत मी अजून तो पाहिलेला नाही.

पंचवटीकर:
हा प्रयोग मला पटतो, पण तो महाविद्यालयातल्या खेळ खेळणाऱ्या मुलांवर करू नका. तुमची ओली पायरी आणि हेडसेट पहाटे पाच वाजता घाटावर आणा आणि आजींना विचारून, त्यांचा हात धरून, त्यांना तिच्यावर उभे करा. मी मदतीला येईन.