मदत हवी आहे: 2003च्या लेखसंग्रहाची दुसरी आवृत्ती, जुनी संमतीपत्रं चालतील का?

गोदाकाठ (नांदेड):

नमस्कार मंडळी. आमच्या संशोधन संस्थेनं 2003 साली मराठवाड्याच्या इतिहासावर लेखसंग्रह काढला होता. 22 लेख, 1100 प्रती. प्रती कधीच संपल्या. आता दुसरी आवृत्ती काढायची आहे, छापील आणि ई-पुस्तक दोन्ही. फाईल उघडली तर त्यात हे निघालं:

17 लेखकांची एकपानी संमतीपत्रं. सगळ्यांवर एकच वाक्य, "या लेखाचे सर्व हक्क प्रकाशकाकडे राहतील", खाली सही आणि तारीख. 3 लेख 1992च्या एका गौरवग्रंथातून घेतलेले, त्यांच्या मूळ करारांच्या झेरॉक्स आहेत. 2 लेखांचा कागदच नाही.

तीन लेखक आता हयात नाहीत. एका लेखात बी. रघुनाथांच्या दोन अख्ख्या कविता आहेत, दुसऱ्यात नरहर कुरुंदकरांचा चार पानी उतारा. वेरूळ-दौलताबादची 14 छायाचित्रं आणि 2 नकाशे आहेत. शिवाय एका लेखाच्या इंग्रजी अनुवादासाठी दिल्लीच्या प्रकाशकाकडून विचारणा आली आहे.

"सर्व हक्क लिहून घेतलेत, आता कुणाला विचारायचं कारण नाही," असं कार्यकारिणीचं म्हणणं आहे. मला ते पटत नाही. नेमकं काय करावं?

करारखातं (छत्रपती संभाजीनगर):

ताई, तुमची शंका रास्त आहे. त्या 17 पत्रांवर दुसरी आवृत्ती काढता येणार नाही.

कॉपीराइट कायद्याच्या कलम 19प्रमाणे हक्क देणाऱ्या कागदात कोणती कृती, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश आणि मोबदला किती, हे सगळं यावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती 5 वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे 2003च्या पत्रांची मुदत 2008लाच सरली आणि हक्क लेखकांकडे परत गेले. "सर्व हक्क" या दोन शब्दांत मुदतही नाही आणि प्रदेशही नाही, हाच त्यांचा दोष.

ई-पुस्तकाचं आणखी वेगळं. 2012च्या दुरुस्तीनं कलम 18मध्ये असं घातलं की करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यवहारात नव्हतं, त्याचा हक्क स्पष्ट उल्लेखाशिवाय जात नाही. ही तरतूद 2003च्या कागदाला किती लागू होते यावर वाद घालता येईल, पण नवं पत्र घ्यायचंच आहे तर त्यात ई-पुस्तक नावानं लिहा आणि वाद मिटवा.

1992च्या तीन लेखांना मात्र हा 5 वर्षांचा नियम लावू नका. तो नियम 1994च्या दुरुस्तीनं आला, ती 10 मे 1995पासून लागू झाली आणि त्याआधीच्या करारांना कलम 19(7)नं वगळलं आहे. तिथं झेरॉक्समधला शब्द न् शब्द वाचावा लागेल. लेख फक्त त्या ग्रंथापुरता दिला असेल तर लेखकाला विचारा. पूर्ण हक्क दिला असेल तर त्या प्रकाशकाचं पत्र लागेल. वाचूनही उलगडा झाला नाही तर दोघांचंही घ्या.

सगळ्या ग्रंथासाठी एकच "परवानगी" शोधू नका. वही करा किंवा एक्सेल. प्रत्येक लेख, चित्र, नकाशा, कविता यांना एकेक ओळ. रकाने असे: हक्कदार कोण, हाताशी कागद कोणता, छापील, ई-पुस्तक, अनुवाद, प्रदेश, मुदत कधी संपते, श्रेयाची ओळ कशी हवी. तुमच्या ग्रंथाच्या चाळीसेक ओळी होतील. रिकामा रकाना दिसला की तिथलं पत्र बाकी आहे, हे कुणालाही कळतं.

नव्या पत्रात पूर्ण हक्क मागूच नका, परवाना मागा, म्हणजे ठरल्या अटींवर छापायची फक्त मुभा. अभ्यासकाचा लेख त्याच्याकडेच राहावा, असं माझं ठाम मत आहे, आणि तुमची गरज परवान्यानं भागते. मजकूर साधारण असा:

"माझा '…' हा लेख आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत छापील व ई-पुस्तक स्वरूपात, मराठी भाषेत, जगभर, आजपासून 10 वर्षे प्रसिद्ध करण्यास मी अनन्य नसलेला (म्हणजे इतरांनाही देता येईल असा) परवाना देत आहे. मोबदला: रु. … व लेखकप्रती 2. आवृत्ती 3 वर्षांत प्रसिद्ध न झाल्यास परवाना संपेल. अनुवादाचा हक्क माझ्याकडे राहील."

"जगभर" विसरू नका, ई-पुस्तक परदेशातूनही विकत घेतलं जातं. 3 वर्षांचं वाक्यही गाळू नका. हक्क किती काळात वापरायचा हे लिहिलं नाही आणि वर्षभरात तो वापरला नाही, तर तो रद्द झाला असं कायदा धरतो. दुसरी आवृत्ती वर्षभरात निघतेच असं नाही.

लातूर_वकील:

वारसांबद्दल. मृत्युपत्र असेल तर त्याप्रमाणे. नसेल तर पत्नी, मुलगे, मुली आणि आई हयात असेल तर आई, या सगळ्यांच्या सह्या. सगळ्यात जास्त राहून जाते ती लग्न होऊन गेलेल्या मुलीची सही. "थोरल्यानं दिली, झालं" असं चालत नाही. बाकीच्यांनी एकाला मुखत्यारपत्र दिलं तर त्याची एकट्याची पुरते.

वारस सापडतच नसतील तर परवाना मिळवायला कलम 31-अचा मार्ग आहे, पण आधी वर्तमानपत्रात जाहिरात आणि मग अर्ज. एका लेखासाठी तो परवडत नाही, लेख गाळलेला बरा.

बी. रघुनाथ 1953ला गेले. कॉपीराइटची 60 वर्षं मृत्यूनंतरच्या 1 जानेवारीपासून मोजायची, म्हणजे 2013अखेर मुदत संपली. कविता मुक्त आहेत, परवानगी लागत नाही. मात्र त्यांच्या पश्चात पहिल्यांदा छापल्या गेलेल्या असतील तर 60 वर्षं त्या प्रकाशनापासून मोजा. कुरुंदकर 1982ला गेले, त्यांचं लेखन 31 डिसेंबर 2042पर्यंत संरक्षित आहे. "400 शब्दांपर्यंत चालतं" असं ऐकू येतं, पण तसा नियम आपल्या कायद्यात कुठंही नाही. समीक्षेसाठी उतारा घेता येतो, पण लेखात त्या उताऱ्याची चर्चा हवी आणि श्रेय हवं. चार पानं देऊन खाली दोन ओळींचं भाष्य असेल तर परवानगी घ्या, नाहीतर उतारा कमी करा.

गोदाकाठ:

खूप आभार. काही लेखकांनी व्हॉट्सॲपवर "हो, छापा" असं कळवलंय. ते पुरेल का? आणि छायाचित्रांचं कसं?

लातूर_वकील:

हक्कच सोपवायचा असेल तर सही हवीच. परवान्याला 2012पासून सहीची अट नाही, लेखी असलं की झालं. पण "हो, छापा" यात मुदत, प्रदेश, ई-पुस्तक यातलं काहीच नाही. वरचा पूर्ण मजकूर मेलवर पाठवा आणि "वरील अटी मान्य" असं उत्तर मागवा.

पानजुळणी (परभणी):

लेणं शेकडो वर्षांचं असलं तरी छायाचित्र ज्यानं काढलं त्याचं. पण 2003ला तुम्ही स्टुडिओला पैसे देऊन ग्रंथासाठीच काढून घेतली असतील आणि उलट करार नसेल, तर पहिला मालक काढून घेणारा, म्हणजे तुमची संस्था. तेव्हाचं बिल शोधा. 1951 किंवा त्याआधी छापलेली छायाचित्रं मुक्त आहेत. संग्रहालयाकडून स्कॅन घेतलं असेल तर त्यांच्या अर्जावरच्या अटी वेगळ्या पाळाव्या लागतात.

नकाशा ट्रेस करून काढला तरी तो मूळ नकाशाचीच नक्कल ठरतो. निजाम सरकारच्या 1884च्या औरंगाबाद गॅझेटियरसारखा जुना आधार घेऊन नव्यानं काढून घ्या आणि चित्रकाराशी दोन ओळींचा करार करा.

करारखातं:

अनुवादाचं राहिलं. अनुवादाचा हक्क स्वतंत्र असतो आणि तुमच्याकडे तो आज नाही. दिल्लीला "हो" कळवू नका. लेखकाला विचारून त्यांचा पत्ता द्या किंवा लेखकाकडून लेखी घेऊन मध्यस्थी करा. दिल्लीच्या पत्रात तुमच्या ग्रंथाचा श्रेयनिर्देश मागून घ्या.

आणि दुसऱ्या आवृत्तीसाठी लेखांना कात्री लावणार असाल तर संपादित प्रत पत्रासोबतच पाठवा. कृतीची मोडतोड झाली तर हरकत घ्यायचा लेखकाचा हक्क परवाना दिल्यावरही राहतो, आणि तो वारसांनाही वापरता येतो. कागद नसलेल्या त्या 2 लेखांपासून सुरुवात करा. उत्तर यायला तिथंच सगळ्यात जास्त वेळ लागेल, आणि ते येईपर्यंत अनुक्रमणिका जुळणीला देऊ नका.