मदत हवी आहे: पहिली पाँटून बोट घ्यायचीय. ठाणे खाडीत कोणती चालेल, खरेदीआधी काय तपासायचं?

ऐरोलीकरीण

नमस्कार मंडळी. तीन कुटुंबं मिळून एक पाँटून बोट (बंद, पोकळ नळकांड्यांवर तरंगणारा सपाट डेक) घेण्याचा विचार आहे. एका वेळी आठ ते दहा माणसं, त्यांत आजी-आजोबा आणि दोन लहान मुलं. म्हणून सपाट डेक आणि चारी बाजूंनी कठडा हवाच. वेगाची हौस नाही. सुट्टीच्या दिवशी तीन-चार तास फिरायचं, जेवायचं, परत यायचं. बहुतेक वेळा बेलापूर-उलव्याच्या बाजूला खाडीत, वर्षातून दोन-तीनदा एखाद्या धरणाच्या जलाशयात.

समोर तीन पर्याय आहेत. वापरलेली अमेरिकन बनावटीची २२ फुटी, दोन अ‍ॅल्युमिनियम नळकांड्यांची (व्यास २३ इंच), ९० एचपी फोर-स्ट्रोक इंजिनासह. विक्रेता म्हणतो की ती फक्त गोड्या पाण्यात चालली आहे. दुसरा पर्याय, एक फॅब्रिकेटर एचडीपीई (टणक प्लास्टिक) पाइपांवर त्याच मापाची बांधून देतोय. तिसरा, तीन नळकांड्यांची नवी ट्रायटून, पण किंमत खूपच वर जाते. सोफे, छत, म्युझिक सिस्टीम यांबद्दल विक्रेते भरभरून बोलतात, डेकखाली काय आहे हे कोणी सांगत नाही. काय विचारायचं, काय बघायचं?

तिथीपाऊण

ताई, बोटीआधी पाणी बघा. उधाणाला आपल्या खाडीत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो आणि काठाकडे सगळा गाळ. पाँटून चिखलावर बसली की पुढची भरती येईपर्यंत कोणी उतरूही शकत नाही, कारण पाय मांडीपर्यंत आत जातो. भरती माथ्यावर येण्याच्या दोनेक तास आधी निघायचं आणि माथ्यानंतर दीड तासाच्या आत धक्क्याला लागायचं.

वेळेसाठी कोळ्यांचा जुना हिशोब आजही चालतो: तिथीची पाऊणपट. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. हे मुंबई बंदराचं. खाडीत जितकं आत जाल तितका उशीर. म्हणजे अष्टमीचा रविवार तुमच्या जेवणाच्या बेताला कुचकामी, भर दुपारी पाणी तळाला असतं. पौर्णिमा-अमावास्येला माथा दुपारी बाराच्या आसपास येतो, वेळ सोयीची. मात्र तेव्हाच उधाण असल्याने पाण्याची ओढ जास्त. नेमक्या वेळेसाठी अर्थातच छापील भरतीचं कोष्टक घ्या.

आणखी एक. ऐरोली पूल ते वाशी पूल या पट्ट्यात ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे (२०१५ पासून, २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही झालं). तिथे स्वतःची बोट मनाला येईल तशी फिरवता येत नाही, वनविभागाची परवानगी लागते. तुम्ही बेलापूर-उलवे म्हणताय ते म्हणूनच बरं.

नळकांडं_पंचवीस

पहिल्या पर्यायाचं गणित मांडतो, मग तुम्हीच ठरवा.

२३ इंच म्हणजे ५८.४ सेंमी व्यास. २२ फुटांतून पुढचं निमुळतं टोक वजा केलं तर उपयोगी लांबी ६.२ मीटर धरू. दोन्ही नळकांडी पूर्ण बुडाली तर मिळून साधारण ३,३०० किलो पाणी बाजूला सारतील. नियम असा की भरलेली बोट उभी असताना नळकांडी निम्मीच बुडालेली हवीत. म्हणजे एकूण वजन १,६५० किलोपर्यंत.

आता वजन. डेक, सोफे, कठडे, छत धरून बोट सुमारे १,००० किलो. इंजिन १६५. ८० लिटर पेट्रोल ६०. बॅटरी, नांगर, दोर, पाणी, डबे ७५. झाले १,३००. उरतात ३५० किलो, ७५ च्या हिशोबाने पाचही माणसं जेमतेम. दहा जण चढले तर नळकांडी ६२ टक्के बुडणार. तीच बोट २५ इंची नळकांड्यांवर असती तर आकडा ५२ टक्के. दोन इंचांनी एवढा फरक पडतो, कारण क्षमता व्यासाच्या वर्गाने वाढते. तिसरं २५ इंची नळकांडं आलं की चाळिसाच्या खाली.

सोफ्यांवर किती जण बसतात हा आकडा त्यामुळे विसरा. बोटीवर क्षमतेची पाटी असेल तर तीवरचे किलो वाचा, माणसं नव्हे.

खारंवारं

निम्म्याचा नियम थोडा कडक आहे. जलाशयात सकाळच्या शांत पाण्यात ६० टक्क्यांवरही बोट चालते. खाडीत मात्र नाही. दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो, त्याच वेळी पाणी वाऱ्याविरुद्ध वाहत असेल तर आखूड, उभ्या लाटा उठतात. नळकांड्यांची टोकं आधीच खाली असतील तर ती लाटेवर चढत नाहीत, लाटेत घुसतात, आणि पाणी डेकवर येतं. त्यात फ्लेमिंगो दिसले की सगळे पुढच्या कठड्याशी धावतात. पुढे तीन, बाकीचे मध्ये-मागे, हे निघण्याआधी वाटून द्या. चालू बोटीत पुढच्या दारापलीकडे कोणीही बसायचं नाही, पाय सोडून तर नाहीच. तिथून पडलेला माणूस थेट दोन नळकांड्यांमधून पंख्याकडे जातो.

कठडा आणि छत वाऱ्यात शिडासारखे काम करतात. धक्क्याला लागताना वारा आणि ओढ यांतलं जे जास्त जोरात असेल त्याच्या तोंडाला बोट धरून या.

ऐरोलीकरीण

बाप रे, पाच माणसं! विक्रेता बारा म्हणाला होता. मग एचडीपीईचा विचार करू का? आणि अ‍ॅल्युमिनियम खाऱ्या पाण्यात टिकतं की नाही, यावर दोन ठिकाणी दोन उत्तरं मिळाली.

वेल्डिंगवाला

दोन्ही उत्तरं बरोबर. ५०५२ किंवा ५०८३ दर्जाचं अ‍ॅल्युमिनियम खाऱ्या पाण्यात उत्तम टिकतं. त्याला खातात त्या त्याला जोडलेल्या वस्तू.

स्टेनलेसचा बोल्ट थेट अ‍ॅल्युमिनियमला भिडला की मधल्या खाऱ्या ओलीमुळे अ‍ॅल्युमिनियम झिजतं. ३१६ दर्जाचे बोल्ट, त्याभोवती नायलॉनची बाही आणि वॉशर, वर गंजरोधक पेस्ट, हे तिन्ही हवेत. तांबं तर शत्रू. तांबंयुक्त अँटीफाउलिंग रंग (शेवाळ-शिंपले चढू न देणारा) अ‍ॅल्युमिनियमवर कधीही नको. डेकचा आयएस ७१० मरीन प्लायसुद्धा बऱ्याचदा तांब्याच्या क्षाराने मुरवलेला असतो. तो डेकखालच्या अ‍ॅल्युमिनियमच्या आडव्या पट्ट्यांवर थेट ठेवला तर पाणी झिरपून खाली खड्डे पडतात. मध्ये ईपीडीएम रबराची पट्टी घाला. गोड्या पाण्यातली बोट असेल तर तिला मॅग्नेशियमचे अ‍ॅनोड (बोटीऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे) असतील, ते खाडीत भराभर संपतात. अ‍ॅल्युमिनियम किंवा जस्ताचे लावा आणि निम्मे झिजले की बदला. रंग मात्र त्यांच्यावर मारायचा नाही.

सर्वांत वाईट म्हणजे बोट ओहोटीला गाळात बसवून ठेवणं. गाळाखाली हवा पोचत नाही, अ‍ॅल्युमिनियमवरचा संरक्षक थर पुन्हा धरत नाही, आणि सुईच्या टोकाएवढी भोकं पडायला लागतात. पाण्यातच ठेवली तर बार्नेकल (चिकटून बसणारे कवचाचे जीव) चढतात ते वेगळंच. ट्रेलरवर ठेवणार असाल तरच अ‍ॅल्युमिनियम घ्या. साडेआठ फुटी रुंदी २.५९ मीटर होते, रस्त्याची मर्यादा २.६. त्यामुळे ट्रेलरची चाकं बोटीच्या रुंदीबाहेर आलेली चालणार नाहीत.

आता एचडीपीई. गंजत नाही, गाळाचं भय नाही. ६३० मिमी पाइप सहज मिळतो. पण १५ मिमी जाडीचा घेतला तर मीटरला २८ किलो, अ‍ॅल्युमिनियमच्या दुप्पट, शिवाय लवचीक. ताठरपणा सगळा डेकच्या सांगाड्यातून आणावा लागतो. उन्हाने वाढतोही खूप. काळा पाइप पहाटेपेक्षा दुपारी २५ अंशांनी तापला तर साडेसहा मीटरमागे जवळपास ३ सेंमी. अ‍ॅल्युमिनियम तेवढ्यात ४ मिमी वाढतं. फॅब्रिकेटरने दोन्ही टोकं बोल्टने घट्ट बांधली तर वर्षभरात भोकं लांबट होतात, डेक कुरकुरतो. पाइप एकाच जागी, शक्यतो मागे, पक्का करायचा आणि बाकी ठिकाणी सरकू देणारे खोगीर-क्लॅम्प घालायचे. त्याला विचारा, "वाढीसाठी जागा कुठे ठेवलीय?" उत्तर देताना अडखळला तर पुढचं बोलणं नको.

पाइपात आडव्या भिंती किती, हेही विचारा. प्रत्येक पाइपाचे निदान तीन बंद कप्पे हवेत, म्हणजे एक फुटला तरी बोट तरंगते.

नळकांडं_पंचवीस

वेल्डिंगवाला यांच्याशी सहमत, फक्त डेकच्या आडव्या पट्ट्यांचं राहिलं. त्यांच्यातलं अंतर मोजा. १६ इंच असेल तर उत्तम, २४ इंचांवर डेक पायाखाली दबतो आणि लाटेत सांगाडा पिळवटतो. प्लाय १८-१९ मिमी, आणि स्क्रूने नव्हे, आरपार बोल्टने बसवलेला. कार्पेट असेल तर काढूनच टाका. खारं पाणी धरून ठेवतं, दमट हवेत वास सुटतो. विणलेलं व्हिनाइल धुता येतं.

पंखा_आणि_पाणी

इंजिनाबद्दल थोडं. पूर्ण वजनासह पूर्ण थ्रॉटलला ९० एचपी फोर-स्ट्रोक ५,००० ते ६,००० आरपीएममध्ये पोचायला हवं. ४,५०० लाच अडकलं तर पंख्याचा पिच (एका फेऱ्यात पंखा जितका पुढे सरकेल ते अंतर) जास्त आहे. एक इंच कमी केल्यावर दीडशे-दोनशे आरपीएम वाढतात. पूर्ण वेगात तासाला ३०-३५ लिटर पेट्रोल जाईल. तुमच्यासारख्या संथ फिरण्याला त्याच्या चौथाईहून कमी, त्यामुळे वेग नको असेल तर ६० एचपीही पुरेसं. ओढीविरुद्ध परतायला मात्र त्याहून खाली जाऊ नका.

खाडीतला खरा त्रास प्लास्टिकच्या पिशव्यांचा. पाणी घेण्याच्या जाळीवर पिशवी बसली की इंजिन तापतं. इंजिनाच्या मागून पडणारी थंड करणाऱ्या पाण्याची पिचकारी बारीक झाली की लगेच बंद करून बघा. गाळाने पाणीपंपाचं रबरी इंपेलर झिजतं, ते दरवर्षी बदला. प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने १०-१५ मिनिटं धुणं सक्तीचं.

नांगर डॅनफोर्थ जातीचा घ्या, चिखलात तोच धरतो. दोराचं माप भरतीच्या खोलीवर काढा: ओहोटीचं पाणी ३ मीटर, भरती ४, डेकपर्यंत १, एकूण ८, त्याच्या पाचपट, म्हणजे ४० मीटर.

तिथीपाऊण

कागदपत्रं: नोंदणी आणि सर्वेक्षण २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली, इथे महाराष्ट्र सागरी मंडळाकडे. परदेशी वापरलेल्या बोटीला आयात शुल्क भरल्याची बिल ऑफ एन्ट्री मागा. ती नसेल तर पुढे जाऊच नका. जलाशयासाठी जलसंपदा विभागाची परवानगी वेगळी.

ऐरोलीकरीण

खूप आभार. पहिला पर्याय दहा जणांसाठी बाद. तो विक्रेता आता २५ इंचीही दाखवतोय, तीही वापरलेली. ट्रेलरवर ठेवायला बेलापूरला जागा मिळतेय. ती बघायला जाताना काय करू?

वेल्डिंगवाला

बोट जमिनीवर असतानाच प्रत्येक कप्प्याचा ड्रेन प्लग उघडा. मग हवेची चाचणी, पण दाब २ पीएसआयच (चौरस इंचाला २ पौंड), ३ च्या वर कधीच नाही. २५ इंची झाकणावर २ पीएसआयलाही साडेचारशे किलोचा जोर येतो. गॅरेजचा कॉम्प्रेसर थेट लावून झाकणं फुगवलेली उदाहरणं कमी नाहीत. वेल्डवर साबणाचं पाणी फिरवा, बुडबुडे बघा. इंजिन ज्या पेटीवर टांगलंय तिथल्या कोपऱ्यांतल्या वेल्डला तडे असतात, टॉर्च लावून पाहा. डेकचे मागचे दोन कोपरे टाचेने दाबा, मऊ लागले तर प्लाय कुजलाय.

मग पाण्यात उतरवा, दुपारी. तापलेलं नळकांडं थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि बारीकशा भोकातूनही पाणी ओढून घेते. सकाळच्या चाचणीत हे कळत नाही. दहा माणसांच्या वजनाइतक्या पाण्याच्या टाक्या ठेवून तासभर चालवा, वर काढून पुन्हा सगळे प्लग उघडा. चार-दोन थेंब दवाचे असू शकतात. धार लागली तर पैसे देऊ नका.