भजनी मंडळ, समूहगान, कॉयर: तुमचे अनुभव सांगा

मोगरा: काल एकादशी. खालच्या मजल्यावर बायकांचं भजन सुरू झालं नि टाळ ऐकून आई आठवली. बाबा गेल्यावर तीन महिने ती कुणाशी धड बोलत नव्हती. शेजारच्या काकूंनी हाताला धरून मंडळात नेली. सुरुवातीला नुसते टाळ मांडीवर घेऊन बसायची. मग ध्रुवपदाला ओठ हलायला लागले. म्हणायची, "झील ओढताना, म्हणजे मागून साथीला गाताना, रडू आलं तरी चालतं गं, ओळ बाकीच्या सांभाळतात." तुमच्याकडचं लिहा ना.

तळकोकणी: काकूंना नमस्कार सांगा. आमच्याकडे गणपतीत रोज एका घरी आरत्या नि भजन, रात्री दोन-दोनपर्यंत. मुंबईत भांडुपला चाळीतही होतं. टॉवर झाला नि मंडळ मोडलं. वडील तेव्हापासून गप्प झालेत.

मोगरा: अरेरे. नवीन सोसायटीत कुणी नाही का? चार जण पुरतात हो.

सांजवात: सासऱ्यांना पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली. "पाणी" म्हणता येईना, चिडून पेला ढकलायचे. दिंडीतले सोबती भेटायला आले, त्यांनी हरिपाठ सुरू केला. सासरे शब्दासकट म्हणू लागले!! आम्ही सगळे रडलो. वाचा-उपचार करणाऱ्या बाई म्हणाल्या, बोलणं बहुतेकांचं मेंदूच्या डाव्या भागावर चालतं, गाण्याला उजवाही लागतो. मग त्यांनी "पाणी हवं" चालीतच म्हणायला शिकवलं. वर्ष लागलं. कुकर झाला, नंतर लिहिते.

वसईकरीण: अंगावर काटा आला. आमच्या चर्चमध्ये मिस्सा (प्रार्थनाविधी) मराठीत असते, मी कॉयरच्या ऑल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजात. बाळ चार महिन्यांचं असताना मला काही म्हणजे काही आवडत नव्हतं. नाताळच्या प्रॅक्टिसला नवऱ्याने जबरदस्तीने पाठवलं. दीड तास "आई" म्हणून नाही, "ऑल्टो, जरा हळू" म्हणून हाक. घरी येताना भूक लागली होती, कित्येक दिवसांनी. डॉक्टरकडेही गेले, तेही सांगते. नुसत्या गाण्यावर राहू नका कुणी.

पांढरी_दोन: २०१३ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी एकत्र गाणाऱ्यांचे हृदयाचे ठोके मोजले होते. श्वास सगळे एकदम घेतात, म्हणून ठोक्यांचा वेगही बरोबरीने कमी-जास्त होतो. मला सीओपीडी आहे, फुप्फुसांचा जुनाट आजार, दम लागतो. गाताना श्वास पटकन घ्यायचा नि सावकाश सोडायचा, तोच सराव फिजिओने दिलाय. पंप चालूच आहे, पण जिना चढताना पूर्वीसारखा घाबरत नाही.

केळफूल: विषय जरा वेगळा, पण आमचे पेटीवाले काका काळी एकला (पेटीची पहिली काळी पट्टी) सूर धरतात. बायकांचा आवाज पार खाली जातो, तासाभरात घसा दुखतो. कसं सांगायचं?

पांढरी_दोन: काळी चार मागा. आधी दोन अभंग त्यांच्या पट्टीत म्हणा, मग विनंती करा.

तळकोकणी: मोगराताई, तुमचं वाचून वडिलांना विचारलं. माळ्यावरचे टाळ काढायला सांगितलेत. दोऱ्या कुजल्यात. सुती घालू की नायलॉन?

सांजवात: सुती. नायलॉन बोटाला कापतं.