पावलाच्या गंभीर दुखापतीनंतर पुन्हा कातळावर : आपले अनुभव लिहावेत

प्रस्तरारोहण करताना ज्यांचे पाऊल मोडले किंवा फार जायबंदी झाले, त्यांनी आपले अनुभव येथे लिहावेत अशी विनंती आहे. पावलात २६ हाडे असतात आणि त्यांतले नेमके कोणते मोडले यावर पुढचे पुष्कळसे अवलंबून असते. म्हणून सुरुवातीला हाड आणि पडल्यापासून झालेले महिने तेवढे नोंदवावेत. शस्त्रक्रियेचा तपशील कागदपत्रांत असतोच. हाड जुळल्याचे एक्स-रेत दिसल्यापासून पाऊल पुन्हा आपले वाटू लागेपर्यंत जो काळ जातो, त्याविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. माझ्यापासूनच सुरुवात करतो.

टाचेचे हाड, २२ महिने

लीड करताना, म्हणजे दोर खालून सोबत नेत वाटेतल्या बोल्टांत (कातळात पक्क्या बसवलेल्या खिळ्यांत) अडकवत चढताना, दुसऱ्या बोल्टच्या वर होतो. तिसऱ्यात दोर अडकवण्यासाठी तो हाताने ओढून घेतला आणि त्याच वेळी पाय निसटला. ओढलेला दोर ढिला असल्यामुळे मी थेट खालच्या दगडी टप्प्यावर दोन्ही टाचांवर आदळलो. डावी वाचली, उजवी मोडली. उंचावरून टाचांवर पडलेल्या माणसाचा कणाही तपासतात, कारण तोच धक्का पायांतून वर कमरेच्या मणक्यांपर्यंत पोचतो, हे मला रुग्णालयात कळले. मणके शाबूत होते.

शस्त्रक्रिया लगेच झाली नाही. सुजेने कातडी ताणून चकचकीत झाली होती, आणि अशा कातडीवर छेद घेतला तर जखम भरत नाही, म्हणून तिच्यावर बारीक सुरकुत्या दिसेपर्यंत अकरा दिवस पाय उंचावर ठेवून पडून राहिलो. मग प्लेट आणि स्क्रू बसवले, आणि पुढचे दहा आठवडे तो पाय जमिनीला टेकवण्याची मनाई होती. या काळात पोटरी अचानक सुजली, दुखू लागली किंवा धाप लागली, तर रक्ताची गुठळी झालेली असू शकते, म्हणून वाट न पाहता रुग्णालयात यावे, असे मला बजावून सांगितले होते. ते मी येथेही बजावून सांगतो.

खरी गंमत, म्हणायचे तर, त्यानंतर सुरू झाली. घोटा वरखाली होतो तो एका सांध्यातून, आणि पाऊल आत-बाहेर कलते ते मुख्यतः त्याच्या खालच्या, टाचेच्या हाडावरच्या सांध्यातून. माझ्या या खालच्या सांध्याची हालचाल आजही अर्ध्याच्या आत आहे. त्यामुळे घडले उलटेच : चढणे आधी जमू लागले, आणि सुट्या दगडांवरून कातळाच्या पायथ्याशी चालत जाणे पुष्कळ नंतर. प्रगती मोजायला फिजिओथेरपिस्टने दोन मापे दिली होती. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा आणि अंगठा भिंतीपासून किती दूर राहतो ते पाहायचे. माझे माप २ सेंटिमीटरपासून सुरू होऊन वर्षभरात ८ वर आले. दुसरे माप म्हणजे त्या एका पायाच्या चवड्यावर पूर्ण उभे राहणे. ते पहिल्यांदा सातव्या महिन्यात झाले, आणि त्याआधी मी लहान होल्डवर (कातळावरच्या पाय ठेवण्याच्या आधारावर) उभे राहण्याचा जो हट्ट केला तो निव्वळ मूर्खपणा होता.

पावलाचा मधला सांधा (लिस्फ्रां), ९ महिने

बोल्डरिंग (दोराशिवाय बुटक्या कातळांवर चढणे) करताना, खाली अंथरलेल्या दोन क्रॅशपॅडच्या (जाड गाद्यांच्या) फटीत चवडा सापडला. झोपवून काढलेल्या एक्स-रेत काही दिसले नाही, तेव्हा पाऊल मुरगळले आहे असे सांगून मला घरी पाठवले. तिसऱ्या दिवशी तळव्याच्या मधोमध जांभळा डाग उमटला आणि चवड्यावर उभे राहणे तर दूरच, पाऊल पुढे टाकतानाही मध्यभागी काहीतरी उघडते आहे असे वाटे. तरीही तीन आठवडे तसाच चाललो. अखेर उभे करून, वजन टाकून एक्स-रे काढला, तेव्हा अंगठ्याच्या आणि त्याशेजारच्या बोटाच्या लांब हाडांमध्ये फट स्पष्ट दिसली. ‘मुरगळलेल्या’ पावलाच्या तळव्यावर डाग दिसला, तर उभे राहून एक्स-रे काढण्याविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे. बाकी हकीकत वरच्यासारखीच आहे, फक्त स्क्रू वेगळ्या जागी आहेत.

घोट्याचे हाड (टॅलस), ३१ महिने

या हाडाचा बराचसा पृष्ठभाग कूर्चेने झाकलेला असतो, त्यामुळे त्यात रक्तवाहिन्या शिरायला जागा थोडी असते, आणि ते मोडले की त्याचा रक्तपुरवठा तुटून हाड आतून मरण्याची भीती राहते. सहा ते आठ आठवड्यांनी एक्स-रेत हाडाच्या वरच्या कडेखाली एक विरळ रेघ दिसली, तर रक्त पोचत आहे असे समजतात. माझ्या एक्स-रेत ती अर्ध्याच भागात दिसली. उरलेल्या अर्ध्यासाठी वाट पाहणे हाच उपाय होता, आणि वाट पाहणे मला जमत नाही.

म्हणून मी खुर्चीत बसूनच बोटांचा व्यायाम सुरू केला, पुढे लटकण्याच्या फळीवर रोज लटकू लागलो, आणि चौथ्या महिन्यात अनामिकेची कंडरा धरून ठेवणारा पट्टा दुखावून घेतला. पायाला विश्रांती आहे म्हणून हातांना दुप्पट काम द्यावे, असे वाटणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य पुन्हा वाचावे. हाड शेवटी वाचले, सांधा थोडा झिजला. आता बोल्डरवरून मी कधीच उडी मारत नाही. जेवढे चढतो तेवढे उतरतो, आणि उतरता येणार नाही असे वाटले तर चढत नाही.

पाऊल माझे नव्हते. दोर माझ्या हातात होता. १७ महिने

येथे लिहावे की नाही, याचा बराच विचार केला. माझा साथीदार पडला तेव्हा घाबरून मी दोर घट्ट ओढून धरला. पडणाऱ्याला दोराने हळूहळू झेलायचे असते. तसे न झाल्यामुळे तो लंबकासारखा भिंतीकडे झुलला आणि आखडलेल्या पायांनी कातळावर आपटला. घोटा दोन ठिकाणी मोडला. त्याने मला एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि त्याचेच ओझे अधिक झाले.

तो परतला तेव्हा माझ्याकडूनच बिले घ्यायचे, म्हणजे तो चढताना दोर मीच सांभाळायचा, असे त्याने ठरवले. आधी दोन महिने फक्त वरून लावलेल्या दोरावर चढलो. मग मोकळ्या, वर चढणाऱ्याच्या अंगावर झुकत येणाऱ्या भिंतीवर बोल्ट कमरेशी असताना ठरवून, सांगून पडण्याचा सराव केला, आणि मी दर वेळी पडणाऱ्या वजनाबरोबर एक पाऊल पुढे जायला शिकलो. पाऊल त्याचे बरे होत होते, पण शिकवणी दोघांची चालू होती.

अंगठा आणि चवडा, ६ महिने

माझी हाडे जुळली आहेत, तरीही पायावर चादर लागली की आग होते. पाऊल कधी लाल आणि गरम, कधी निळसर आणि गार पडते. मज्जातंतूंशी संबंधित अशा वेदनेचे निदान झाले असून, कापूस, मग मऊ कापड, मग खरखरीत टॉवेल अशा क्रमाने रोज स्पर्शाची सवय लावत आहे. पहिले दोन महिने मी हे लपवले, याचा पश्चात्ताप होतो. माझा प्रश्न साधा आहे : क्लाइंबिंगचे बूट घट्ट असतात, ते या पायात कधी आणि कसे घालावेत?

टाचेचे हाड, वरील प्रश्नाला उत्तर

टॉवेल सहन होईपर्यंत घालू नयेत, आणि तुमच्या बाबतीत वेदनेच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नकोच. मी सैल, जुन्या बुटांनी सुरुवात केली. दहा मिनिटे चढून लगेच काढत असे. आता माझे दोन पायांचे बूट दोन मापांचे आहेत आणि त्यासाठी दोन जोड घ्यावे लागले. याची कुरकुर मी एकदा केली, तेव्हा कोणीतरी अमेरिकन प्रस्तरारोहक ह्यू हर यांची आठवण करून दिली. १९८२ साली हिमदंशामुळे त्यांचे दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले, आणि नंतर त्यांनी भेगांत घुसवायला अरुंद, बर्फासाठी अणकुचीदार, अशी वेगवेगळी कृत्रिम पावले स्वतःच घडवून पुन्हा चढाई केली. तेव्हापासून दुसऱ्या जोडाविषयी मी काही बोलत नाही.